टफिट म्हणजे काय, ते लेखी कळवावे

माझ्या बायकोने मरायच्या आधी मला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. कोणालाही विचारू नकोस. मी विचारलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

"क्लिफ," ती म्हणाली होती, "माझी राख टफिटमध्ये ठेव. गुपचूप. तू परवानगी मागितलीस की ते समिती नेमतील, आणि समितीचा अहवाल येईपर्यंत मी कपाटात इस्त्रीच्या शेजारी बसून राहीन."

टफिट हा शब्द आता कोणी वापरत नाही. लहान मुलांच्या एका जुन्या गाण्यात एक मुलगी त्याच्यावर बसते, तेवढीच त्याची नोकरी शिल्लक आहे. आमच्याकडची पोरं चालायला लागायच्या आत ते गाणं शिकतात, मोठी होतात, म्हातारी होतात, आणि ती मुलगी नेमकी कशावर बसली होती हे कोणी विचारत नाही. डोरीनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, वर्गातली पोरं मात्र विचारायची. ती लिटल थॉर्बी या आमच्या गावच्या बालशाळेत एकतीस वर्षं मदतनीस होती. कोणी विचारलं की ती सगळ्या वर्गाला हात धरून दोघादोघांच्या रांगेत तळ्याकाठच्या हिरवळीवर न्यायची. तिथे गवताचा एक उंचवटा आहे. अर्ध्या नडगीपर्यंत येईल एवढा, वरून चपटा. ती त्याच्यावर बसायची, मांडीवर हात ठेवायची आणि म्हणायची, "हे." झाली व्याख्या. मग एकेका पोराला बसायला मिळायचं. आमच्या गावात पन्नाशीच्या आतल्या कोणालाही टफिटचा अर्थ विचारा. तो सांगणार नाही, बोट दाखवेल.

डोरीन चार फूट दहा इंच होती. बाकावर बसली की तिचे पाय लोंबकळायचे आणि ती चिडायची. टफिटवर पाय टेकायचे. ती निवृत्त झाल्यावर आम्ही रोज चार वाजता फ्लास्कमध्ये चहा घेऊन तिथे जायचो. ती बसायची, मी उभा राहायचो, कारण मी सहा फूट दोन इंच आहे आणि तिथे बसलो तर माझे गुडघे कानाला लागतात. निघायची वेळ झाली की ती माझ्याकडे न बघता एक हात वर करायची आणि म्हणायची, "ओढ." मी ओढायचो. "जड झालीस," मी म्हणायचो. "तू म्हातारा झालास," ती म्हणायची. मागच्या ऑगस्टमध्ये मी नेहमीसारखा जोर लावला आणि तिला घेऊन मागे पडता पडता वाचलो. ओढायला काही उरलंच नव्हतं. त्या दिवशी परतताना वजनाबद्दल कोणी काही बोललं नाही. ऑक्टोबरमध्ये ती गेली.

माझ्याबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी चौतीस वर्षं मोटार चालवण्याच्या परीक्षा घेतल्या. आरसा बघितला नाही, नापास. हाताने खूण केली नाही, नापास. नियमाबाहेर मी एकाही माणसाला पास केलं नाही, आणि नियमाबाहेर मी स्वतः कधी रस्तासुद्धा ओलांडला नाही. अशा माणसाला तिने 'गुपचूप' सांगितलं होतं.

तरी मी केलं. डॅफोडिलचे कंद लावायला एक लोखंडी नळकांडं मिळतं. ते जमिनीत दाबून फिरवलं की गवतासकट मातीचा गोल गट्टू बाहेर येतो. खाली राख, वर गट्टू, पायाने दाबायचं, संपलं. मला वाटलं होतं एक खड्डा पुरेल. माणूस एवढा होतो याची मला कल्पना नव्हती. अकरा खड्डे लागले. तीन सकाळी गेल्या, आणि दुसऱ्या सकाळी आमचा शेजारी लेन अटरिज कुत्र्याला घेऊन तिथे उगवला.

"काय रे, डॅफोडिल लावतोयस?"

"हो," मी म्हणालो.

"कंद कुठायत?"

"संपले. आणायचेत."

त्यामुळे मला कंद विकत आणावे लागले आणि अकरा खड्ड्यांवर अकरा कंद लावावे लागले. घरी येऊन मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडलो. डोरीनला डॅफोडिल आवडत नसत. तिला ती फुलं आगाऊ वाटायची.

इथे मी थांबलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण जानेवारीत, चारच्या सुमाराला, लेनचा कुत्रा टफिटजवळ आला, त्याने गोल चक्कर मारली, जागा पसंत केली आणि पाय वर केला. लेन म्हणाला, "निसर्ग आहे रे." मी फ्लास्कचं झाकण लावलं. घरी येऊन मी विचार केला की एक छोटी पितळी पट्टी असावी. तळहाताएवढी. त्यावर नावही नको, फक्त तो शब्द. म्हणजे निदान लोक कुत्र्याचा पट्टा ओढून धरतील. आणि मी गेल्यावर तिथे बोट दाखवायला कोणीतरी उरेल. पंचायतीच्या हिरवळीवर पट्टी लावायची तर अर्ज करायला हवा. मी अर्ज केला. चौतीस वर्षांची सवय.

अर्जावर एक रकाना होता: 'स्मारकाचा प्रकार: बाक / झाड / इतर.' मी 'इतर'वर खूण करून पुढे लिहिलं, 'टफिट.' दहा दिवसांनी पत्र आलं. 'टफिट म्हणजे काय, ते लेखी कळवावे. व्ही. कॉड्री, चिटणीस.'

मिसेस व्हेनेशिया कॉड्री शहरातून येऊन अकरा वर्षं झाली होती. म्हणजे आमच्या हिशेबाने नवीन. बाई उंच, सरळ, कायम गळ्यापर्यंत बटणं लावलेली. तिने गावात आल्यापासून एकही कागद हरवला नव्हता, आणि याबद्दल गावाने तिला माफ केलं नव्हतं.

लेखी व्याख्येची गोष्ट मी लेनजवळ काढली ही दुसरी चूक.

"त्यात काय? टफिट म्हणजे पाय ठेवायचं स्टूल," लेन म्हणाला. "माझ्या आजीकडे होतं. तपकिरी मखमलीचं. आमच्या कुत्रीने त्यात पिल्लं घातली होती."

"स्टुलात?"

"आधी स्टुलावर. मग स्टुलात. मोठी गोष्ट आहे."

"लेन, तू टफिटवर शाळेत असताना बसला आहेस."

"बसलोय ना. पण लेखी विचारतायत तर स्टूल म्हण. स्टूल माणसाने केलेलं असतं, त्याला कोणी काही करत नाही. गवत म्हणालास तर कापतील."

लेन माझ्याकडे चारदा नापास झाला होता, पाचव्यांदा दुसऱ्या गावात जाऊन पास झाला. अशा माणसाचा सल्ला मी घेत नाही. त्यामुळे मी बसने जाऊन तालुक्याच्या वाचनालयात सगळ्यात जाड शब्दकोश उघडला. त्यात पहिला अर्थ गवताचा झुबका किंवा उंचवटा असा होता आणि दुसरा अर्थ बुटकं आसन. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की पहिला अर्थ लोक विसरले, आणि गाण्यात मुलगी बसते म्हणजे बसायचंच काहीतरी असणार असा अंदाज करून दुसरा अर्थ रूढ झाला असावा. म्हणजे एवढ्या मोठ्या देशाने दोनशे वर्षं अंदाजाने काम चालवलं होतं, आणि खरा अर्थ माझ्या बायकोला ठाऊक होता. मला तिला घरी जाऊन सांगायचं होतं. बसमध्ये चढून बसेपर्यंत लक्षातच आलं नाही की घरी कोणी नाही.

मी प्रामाणिकपणे दोन्ही अर्थ लिहून दिले. परिणाम असा झाला की अर्जाचे दोन अर्ज झाले. आसन म्हणून तो बाक समितीकडे गेला, आणि त्यांनी कळवलं की आसनाला हात टेकायची जागा हवी आणि उंची नियमापेक्षा नऊ इंच कमी भरते, तरी आसन उंच करून घ्यावे. उंचवटा म्हणून तो गवत समितीकडे गेला. गवत समितीचे अध्यक्ष होते रॉयस्टन डॅक.

डॅकला मी एकोणनव्वद साली नापास केलं होतं. एका परीक्षेत तीनदा फुटपाथच्या कडेला चाक घासलं. तो आजही माझ्या घरासमोर गाडी लावताना मुद्दाम कडेला चाक घासतो.

मार्चमध्ये डॅफोडिल आले. अकराच्या अकरा, पिवळेजर्द, आगाऊ. एप्रिलच्या बैठकीत डॅकने त्यांचा फोटो टेबलावर ठेवला.

"बिनपरवाना लागवड," तो म्हणाला. "असो. मिस्टर पास्क, तुम्हीच लिहून दिलंय की हा उंचवटा आहे."

"हो."

"सपाट हिरवळीवर."

"हो, पण तो तिथे आधीपासून..."

"माणूस अडखळून पडू शकतो की नाही?"

"एकतीस वर्षं तिथे पाच-पाच वर्षांची पोरं नाचली आहेत. कोणी पडलं नाही."

"मी विचारलं, पडू शकतो की नाही. हो किंवा नाही, मिस्टर पास्क. तुम्ही मला असंच विचारायचात. आरसा बघितला? हो किंवा नाही?"

सात सभासदांपैकी चार माझ्याकडे नापास झालेले होते. मी 'हो' म्हणालो, कारण पडू शकतो हे खरं होतं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात यंत्र आणून टेंगूळ सपाट करावे, माती कचरा डेपोत टाकावी, असा ठराव झाला. मिसेस कॉड्रीने तो सुंदर अक्षरात लिहून घेतला. इतक्या वर्षांत जे कोणाला दिसलं नव्हतं, ते मी अर्ज करून, व्याख्या देऊन, साक्ष देऊन दाखवून दिलं होतं. डोरीनला मी एकाच वाक्यात वचन दिलं होतं. तेवढं एक वाक्य पाळायचं होतं.

घरी येताना लेन बरोबर होता. त्याला राखेचं काही माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं मी फुलांसाठी एवढा पांढरा पडलोय.

"जनावर शोध," तो म्हणाला.

"कसलं जनावर?"

"दुर्मिळ. कुठलंही. या देशात म्हाताऱ्यासाठी कोणी यंत्र थांबवत नाही. पण एखादी पाणपाल सापडली तर हमरस्ता वळवतात. माझ्या मेव्हण्याचं गॅरेज बांधायचं राहिलं ना तसंच. सहा वर्षं झाली. वीतभर पाणपाल."

चारदा नापास झालेल्या माणसाचा सल्ला मी या वेळी घेतला. जिल्ह्याच्या वन्यजीव संस्थेला पत्र टाकलं, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मिस स्लोमन नावाची तिशीतली मुलगी सायकलवरून आली. पंचायतीचा माणूस हजर हवा म्हणून मिसेस कॉड्री वही घेऊन उभी होती. लेन कुत्र्याला घरी ठेवून आला होता, एवढं माझ्यावर त्याचं प्रेम आहे. मिस स्लोमन गुडघ्यांवर बसली, पिशवीतून एक चहाचा चमचा काढला, टफिटच्या कडेची माती हलकेच उकरली आणि ओरडली.

"मुंग्या!"

"औषध आणू?" लेन म्हणाला.

"अहो नाही! पिवळ्या मुंग्या. हे वारूळ आहे. आख्खा उंचवटा त्यांनी केलाय, एकेक कण वर आणून. एवढा व्हायला शंभर-दीडशे वर्षं लागतात. अशी जमीन कधी नांगरलेली नसते. याला कोणी हात लावायचा नाही!"

म्हणजे माझी बायको एवढी वर्षं मुंग्यांवर बसली होती आणि त्यांनी तिला एकदाही चावलं नव्हतं. मी त्यांना तिथल्या तिथे आमच्या नातेवाइकांत धरलं. मिसेस कॉड्रीने लिहून घेतलं: 'हात लावू नये.' माझ्या जिवात जीव आला. आणि तेवढ्यात मिस स्लोमनने चमचा उन्हात धरला.

"हे पांढरं काय आहे?"

मातीत पांढरट दाणे होते. मग मी बघितलं, ते सगळीकडे होते. गवताच्या बुडाशी, नव्या उकरलेल्या बारीक मातीत, जिथे मुंग्यांनी खालचा कण कण वर आणून टाकला होता. सात महिने त्या तेच काम करत होत्या. तिला उन्हात आणून ठेवत होत्या.

"खत," मी म्हणालो. "बोनमील. हाडांची पूड. कंद लावताना घातली होती." आयुष्यात एवढं कमी खोटं मी कधी बोललो नसेन, आणि कुठलं खोटं एवढं जडही गेलं नसेल.

"कुठल्या कंपनीचं?"

"घरगुती."

"घरगुती? कुठल्या जनावराचं?"

लेनने दाण्यांकडे बघितलं. मग कोमेजलेल्या अकरा डॅफोडिलांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली. मिस स्लोमनला वाटलं त्याला उकडतंय.

"जुन्या गवताला असली खतं म्हणजे विष," ती म्हणाली. "मी नमुना घेते. प्रयोगशाळेत काय ते कळेल. वारूळ राहील, पण खत घातलेला भाग कापून डेपोत पाठवावा लागेल." तिने एका छोट्या बरणीत दोन चमचे भरले, झाकण लावलं, चिठ्ठी चिकटवली, 'अज्ञात पदार्थ', आणि बरणी मिसेस कॉड्रीच्या हातात दिली. "पंचायतीने पाठवायचं असतं."

परतताना लेन आपल्या फाटकाशी थांबला आणि म्हणाला, "सगळी तिथेच?"

"सगळी."

"आणि माझा कुत्रा..."

"निसर्ग आहे," मी म्हणालो.

त्याने टोपी घातली, परत काढली, आणि आत गेला.

बैठक गुरुवारी होती. गुरुवारी दुपारी मी गावच्या सभागृहात गेलो. मिसेस कॉड्री एकटीच खुर्च्या मांडत होती. टेबलावर किटली, बिस्किटांचा डबा, त्याच्या शेजारी बरणी.

"मिस्टर पास्क, बैठक सातला आहे."

"तुम्ही ती बरणी अजून पाठवली नाहीत."

"उद्याच्या टपालाने जाईल."

"पाठवू नका."

"कारण लेखी द्यावं लागेल."

"त्यात माझी बायको आहे," मी म्हणालो.

तिच्या हातात खुर्ची होती. ती तिने खाली ठेवली, अगदी आवाज न करता, रांगेत.

"त्या सगळ्या यातच?" तिने विचारलं.

"नाही. दोन चमचे. बाकीची तिथे आहे. अकरा ठिकाणी. तिने सांगितलं होतं परवानगी मागू नकोस, ती मी मागितली नाही. मग पट्टीसाठी मागितली. मला परवानगी मागितल्याशिवाय राहवत नाही, मिसेस कॉड्री. पट्टी नको आता. अर्ज मागे घेतो. दंड करा, पोलिसांत द्या. पण तिला डेपोत पाठवू नका. ती उभ्या आयुष्यात कधी केर टाकायलासुद्धा तिकडे गेली नाही. मला पाठवायची."

मिसेस कॉड्रीने बिस्किटांचा डबा उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. बरणीपासून दूर.

"मी नोंदवहीत खोटं लिहीत नाही, मिस्टर पास्क," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"कधीच लिहिलेलं नाही."

"माहीत आहे. मीही नाही लिहिलं."

"मग सातला या."

सातला मी शेवटच्या रांगेत बसलो, शेजारी लेन. त्याने कोट घातला होता, अंत्यविधीचा. नववा विषय आला. डॅकने घसा साफ केला.

"वारुळाचं ठीक आहे. पण तो पांढरा पदार्थ. त्याचं काय झालं?"

मिसेस कॉड्रीने वही उघडली आणि वाचलं. "पदार्थाची तपासणी चिटणीसांनी जातीने केली. पदार्थ: नैसर्गिक. मूळ: स्थानिक. गावात दीर्घकाळ वास्तव्य. कोणासही अपाय केल्याची नोंद नाही. पुढील कार्यवाही: नाही."

"स्थानिक म्हणजे काय?" डॅक म्हणाला. "नीट व्याख्या हवी."

"मिस्टर डॅक, मी इथे अकरा वर्षं राहते, आणि स्थानिक कोणाला म्हणायचं हे या गावाने मला रोज सांगितलंय. मला चांगलं कळतं. दहावा विषय, तळ्यावरचं कुंपण."

डॅकने तोंड उघडलं. लेन उभा राहिला. नुसता उभा राहिला, आयुष्यभर मासळीच्या जड पेट्या उचललेला माणूस, अंत्यविधीच्या कोटात. डॅकने तोंड मिटलं. कुंपणावर चर्चा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी फ्लास्क घेऊन गेलो, तर मिसेस कॉड्री टफिटजवळ उभी होती. हातात पिशवी. पिशवीत बरणी. चिठ्ठी तिने काढून टाकली होती, काचेवर डिंकाचा डागसुद्धा नव्हता. मी गवत बाजूला केलं. तिने झाकण उघडून बरणी मला दिली. मी ओतली. मुंग्या लगेच जमल्या. आमच्यापैकी कोणी प्रार्थना म्हटली नाही. मी बरणी परत दिली, कारण ती पंचायतीची होती.

"एक राहिलंय," ती म्हणाली. "तुमचा अर्ज बंद करायचाय. अर्जदाराने दिलेली व्याख्या दोन समित्यांनी फेटाळली, त्यामुळे तो रकाना रिकामा आहे. रिकाम्या रकान्याने अर्ज बंद होत नाही."

"डोरीन सांगायची ती व्याख्या लिहून देता येत नाही."

"मग कशी द्यायची?"

मी टफिटकडे बोट दाखवलं. तिने माझ्याकडे बघितलं, गवताकडे बघितलं, आपल्या चांगल्या कोटाकडे बघितलं. मग कोट मागून गोळा केला आणि बसली. सावकाश, पाठ सरळ ठेवून. तिचे पाय लांब, गुडघे पार वर आले. तिने हात मांडीवर ठेवले आणि तळ्याकडे बघत राहिली. मी तिला फ्लास्कच्या झाकणातून चहा दिला. दुसरं झाकण मी घरून निघताना आणलेलं असतं. अजून रोज आणतो.

"हे," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली.

चहा संपला. ऊन खाली आलं. मग तिने उठायचा प्रयत्न केला, एकदा, दोनदा, आणि ते जमेना. तिने माझ्याकडे न बघता एक हात वर केला.

मी धरला आणि ओढला. बाई हाडापेराने दणकट निघाली, जागची हलेना. मी पाय रोवले, पुन्हा जोर लावला, आणि ती वर आली. माझ्या खांद्यात कळ गेली ती मानेपर्यंत. पुढे आठवडाभर दुखत होता खांदा. मी त्याला काही लावलं नाही.